केसांचा इतिहास विचारा, मगच बाटली उघडा: कुरळ्या आणि रिलॅक्स केलेल्या केसांची गिऱ्हाईकं कशी सांभाळायची



पार्लर व्यवसायाच्या मालिकेतला हा पुढचा धडा. व्हिडिओत हाताने करून दाखवलेल्या गोष्टी इथे सविस्तर लिहिल्या आहेत, म्हणजे काम करताना मोबाईल बाजूला ठेवून हे पान नजरेसमोर धरता येईल. जमलं तर शेवटचं प्रश्नांचं कार्ड वहीत उतरवून घ्या.

आजचा विषय दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांचा आहे. एकीचे केस जन्मापासून कुरळे आहेत आणि तिला ते तसेच, पण नीट दिसायला हवेत. दुसरीने ते रसायनाने सरळ करून घेतले आहेत. आपल्याकडे त्याला स्ट्रेटनिंग, स्मूदनिंग, रिबाँडिंग, केराटिन अशी बरीच नावं आहेत. परदेशात, विशेषतः आफ्रिकन वंशाच्या बायकांमध्ये, ‘रिलॅक्सर’ हा शब्द चालतो. पुण्यासारख्या शहरात शिकायला आलेल्या आफ्रिकन मुली पार्लरमध्ये येतात तेव्हा हा शब्द तुमच्याही कानावर पडतो.

या सगळ्या धड्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही: केसांवर आधी काय काय झालंय हे कळल्याशिवाय रसायनाची बाटली उघडायची नाही. केस तुटून हातात आले की पैसे परत देऊन विषय संपत नाही. ती बाई वर्षभर आरशात बघताना तुमचं नाव काढते, आणि छोट्या गावात ते नाव चार घरी पोहोचतं.

१. कुरळा केस कोरडा का पडतो?

आधी थोडं शास्त्र, कारण ते कळलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याला आकार देणारे दोन महत्त्वाचे बंध आहेत. पहिला हायड्रोजन बंध. तो पाण्याने सुटतो आणि केस वाळला की परत जुळतो. ओले केस गुंडाळून वाळवले की वळण येतं आणि पावसाळी हवेत ते मोडतं, ते यामुळे. दुसरा डायसल्फाइड बंध, म्हणजे गंधकाच्या दोन अणूंची जोडी. हा पाण्याने सुटत नाही. तो तोडायला रसायन लागतं.

केस ज्या मुळातून उगवतो त्याचा आकार सरळ आणि सारखा नसेल तर केस वळत वळत बाहेर येतो. डोक्याच्या त्वचेतून येणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून भराभर खाली उतरतं, पण कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर ते रेंगाळतं. म्हणून मुळं तेलकट आणि टोकं कोरडी, ही तक्रार कुरळ्या केसांत नेहमीची. शिवाय प्रत्येक वळण ही केसाची नाजूक जागा असते. ओढाताण झाली की तो तिथेच तुटतो.

म्हणजे कुरळे केस ‘वाईट’ नसतात, त्यांना फक्त ओलावा जास्त आणि ओढाताण कमी लागते. गिऱ्हाईक खुर्चीत बसल्या बसल्या “माझे केस म्हणजे नुसती झाडू हो” म्हणते. तेव्हा तिच्या होकारात होकार मिसळू नका. “केस छान आहेत, कोरडे झालेत. आपण बघू,” असं म्हणा. तिला आतापर्यंत बहुतेक ठिकाणी “सरळ करून घ्या” एवढंच ऐकवलं गेलेलं असतं.

हल्ली तरुण मुली “माझे थ्री बी आहेत” असं सांगत येतात. गोंधळू नका. अमेरिकेत ओप्रा विन्फ्रीचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी रूढ केलेली ही वर्गवारी आहे. १ म्हणजे सरळ, २ लहरी, ३ कुरळे, ४ अगदी घट्ट वळणांचे. आणि ए, बी, सी म्हणजे त्या त्या गटात वळण किती घट्ट. बोलायला ती सोयीची आहे. पण केस बारीक आहे की जाड, कोरडा आहे की तेलकट, आधी रसायन लागलंय की नाही, हे तिच्यातून कळत नाही. ते विचारावंच लागतं.

२. ‘सरळ करणं’ म्हणजे नेमकं काय? तीन कुटुंबं ओळखा

बाटल्यांवरची नावं शंभर असतील, पण आत मुख्य कुटुंबं तीनच.

*पहिलं कुटुंब: थायो.* आपल्या पार्लरमधलं रिबाँडिंग आणि बरंचसं स्मूदनिंग यात येतं. डब्यावर अमोनियम थायोग्लायकोलेट असं लिहिलेलं असतं. हे क्रीम डायसल्फाइड बंध तोडतं, मग केस धुऊन, वाळवून, इस्त्रीने सरळ करतात. शेवटी न्यूट्रलायझर लावून ते बंध नव्या जागी परत जोडतात. या न्यूट्रलायझरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोजन पेरॉक्साइड असतं.

*दुसरं कुटुंब: हायड्रॉक्साइड.* खरा ‘रिलॅक्सर’ हा. यात सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजेच कॉस्टिक सोडा. ‘नो-लाय’ प्रकारात कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडीन कार्बोनेट ऐन वेळी एकत्र करतात. याचा पीएच १२च्या वर जातो. इथे गंधकाच्या जोडीतला एक अणू कायमचा निघून जातो आणि वेगळाच बंध तयार होतो. तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. याचं काम थांबवायला आम्लधर्मी न्यूट्रलायझिंग शाम्पू लागतो.

इथे एक सापळा आहे. दोन्हीकडे शब्द एकच, ‘न्यूट्रलायझर’, पण कामं वेगळी. थायोचा न्यूट्रलायझर बंध जोडतो, रिलॅक्सरचा शाम्पू उरलेलं क्षार मारतो. एका कंपनीचं क्रीम आणि दुसऱ्या कुटुंबाचा न्यूट्रलायझर असली जोडाजोड कधीही करायची नाही. पेटीतल्या वस्तू पेटीतच राहू द्या.

त्याहून मोठा नियम: थायो केलेल्या केसांवर हायड्रॉक्साइड नाही, हायड्रॉक्साइड केलेल्या केसांवर थायो नाही. दोन्ही एकाच केसाला लागली की केस तुटतो. यात हाताचं कौशल्य कामाला येत नाही.

*तिसरं कुटुंब: केराटिन किंवा ‘ब्राझिलियन’.* यात बंध तोडण्यापेक्षा केसावर थर चढवून, फार तापलेल्या इस्त्रीने तो पक्का करतात. काही महिन्यांत तो धुऊन जातो. यातल्या वाफेबद्दल पुढे सातव्या मुद्द्यात बोलू, तो तुमच्या स्वतःच्या तब्येतीचा भाग आहे.

थोडा इतिहासही माहीत असू द्या. अमेरिकेत गॅरेट मॉर्गन या कृष्णवर्णीय संशोधकाने १९१३ मध्ये केस सरळ करणारं क्रीम विकायला कंपनी काढली. शिलाई मशीनच्या सुईसाठी वंगण शोधताना त्याला ते सापडलं, असं सांगतात. पुढे वाहतुकीच्या सिग्नलचं पेटंट घेणारा तो हाच. १९५४ मध्ये शिकागोत जॉर्ज जॉन्सन यांनी जॉन्सन प्रॉडक्ट्स सुरू केली आणि हा धंदा खूप वाढला. पण तिथे केस सरळ करणं ही नुसती हौस नव्हती. कुरळ्या केसांमुळे नोकरीत, शाळेत अडवणूक व्हायची. कॅलिफोर्नियाने नैसर्गिक केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा क्राउन कायदा केला तो अगदी अलीकडे, २०१९ मध्ये. त्यामुळे एखादी बाई “मला आता सरळ करायचे नाहीत” म्हणते किंवा “मला सरळच हवेत” म्हणते, तेव्हा त्यामागे तिचं काहीतरी कारण असतं. ऐकून घ्या. निवड तिची असते. केस सुरक्षित ठेवणं हे आपलं काम.

३. केस म्हणजे रोजनिशी: लांबी मोजा आणि तेवढा काळ विचारा

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे एक फूट लांब केसाचं टोक दोन-अडीच वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेलं असतं. त्या काळात जे जे लागलं ते सगळं त्या टोकाने सोसलंय. कंबरेपर्यंत केस असतील तर पाच-सहा वर्षांचा हिशोब होतो.

म्हणून “आधी काही केलंय का?” असं मोघम विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: “काही नाही हो, फक्त मेंदी.” प्रश्न नेमके हवेत. वहीत हे कार्ड उतरवून घ्या:

१. गेल्या तीन वर्षांत केस सरळ केले होते का? कधी, कुठे, आणि डब्याचं नाव आठवतं का?
२. रंग, हायलाइट्स किंवा ब्लीच केलंय का? घरी की पार्लरमध्ये?
३. मेंदी लावता का? पानांची की पाकिटातली? काळी की लाल?
४. पाणी नळाचं की बोअरचं?
५. घरी इस्त्री, ड्रायर वापरता का? आठवड्यातून किती वेळा?
६. डोक्यात खाज, कोंडा, जखम, पुरळ आहे का? आधी कशाची ॲलर्जी आली होती का?
७. गरोदर आहात का, बाळ अंगावर पितं का, काही औषधं चालू आहेत का? (उत्तर हो असेल तर रसायनाचं काम नको. आधी डॉक्टरांना विचारू द्या.)

तिसऱ्या प्रश्नावर विशेष थांबा. शुद्ध मेंदीचा थर केसावर बसतो आणि रसायन आत जायला अडथळा करतो. पाकिटातल्या ‘काळ्या मेंदी’त मात्र अनेकदा पीपीडी हा रंग असतो, तर काही चूर्णांत धातूंचे क्षार असतात. धातूंचा क्षार आणि पेरॉक्साइड एकत्र आले की उष्णता तयार होते आणि केस जागीच जळू शकतो.

म्हणून बटेची चाचणी करायचीच. मागच्या बाजूला, आतल्या थरातून पंधरा-वीस केस कापून घ्या. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या वाटीत थोडं पेरॉक्साइड घेऊन त्यात काही केस बुडवा. बुडबुडे आले, वाटी गरम लागली, रंग पटकन बदलला, तर काम थांबवा. उरलेल्या केसांवर तुमचं क्रीम ठरलेल्या वेळेपुरतं लावून, धुऊन, हलकेच ताणून बघा. चांगला ओला केस ताणतो आणि परत जागेवर येतो. च्युइंगगमसारखा लांबत गेला किंवा पटकन तुटला, तर त्या डोक्याला रसायन नको. दहा-वीस मिनिटांचं काम आहे हे, पण पुढचा मोठा मनस्ताप वाचतो.

कार्डावर तारीख टाका, गिऱ्हाइकाची सही घ्या. सही म्हणजे अविश्वास नाही. सही करताना माणूस आठवून आठवून खरं सांगतो.

४. नैसर्गिक कुरळे केस: धुण्यापासून वाळवण्यापर्यंत

*तेल.* न्हाण्याच्या आधी खोबरेल तेल लावायची आपली पद्धत चांगली आहे. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. त्यात केसांतून होणारी प्रथिनांची गळती फक्त खोबरेलाने कमी झाली. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनच ते वाचावं. पण खोबरेल केसाच्या आत शिरतं हे त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. तेल लांबीवर लावा. डोक्यात कोंडा असेल तर मुळांशी तेल मुरवत ठेवू नका, कोंड्याला कारण होणारी बुरशी तेलावरच पोसते.

*शाम्पू.* बोटांच्या पेरांनी फक्त डोक्याच्या त्वचेला. नखं नाहीत. लांबी वरून येणाऱ्या फेसाने आपोआप धुतली जाते. सगळे केस डोक्यावर गोळा करून चोळले की गुंता झालाच समजा. बोअरचं पाणी जड असेल तर केसांवर क्षारांचा थर बसतो आणि केस काथ्यासारखे लागतात. अशा गिऱ्हाइकाला महिन्यातून एकदा ईडीटीए असलेला क्लॅरिफायिंग शाम्पू वापरा, त्यानंतर भरपूर कंडिशनर.

*कंडिशनर आणि गुंता.* कुरळे केस कोरडे असताना कधीही विंचरायचे नाहीत. पिंजारतात ते त्यामुळेच. ओल्या केसांवर कंडिशनर असतानाच आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून सुरुवात करून वर वर जायचं. एका हाताने बट मुळाशी धरून ठेवा, म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही.

*वळण बसवणं.* केसांतून पाणी ठिबकत असतानाच क्रीम आणि वर जेल लावा. मूठ वळून केस खालून वर हलकेच दाबत जा. विकतचं जेल परवडत नसेल तर जवसाचं जेल उत्तम. दोन चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आचेवर सारखं ढवळत उकळा. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार आली की गरम असतानाच पातळ कापडातून गाळा, थंड झालं की घट्ट होऊन गळत नाही. यात टिकवणारं काही नसतं, म्हणून फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवा आणि वास बदलला तर टाकून द्या.

*वाळवणं.* खरखरीत टॉवेलने घासायचं नाही. जुना सुती टी-शर्ट किंवा मऊ पंचा घ्या आणि केस त्यात दाबून पाणी टिपा. ड्रायरला डिफ्यूझर लावून कमी आचेवर वाळवा आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. जेलने केस कडक झाले तर घाबरू नका. वाळल्यावर मुठीने चुरले की कडकपणा जातो आणि वळण राहतं.

*हवामान.* कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हवेतला ओलावा केसात शिरून वळण मोडतो. तेव्हा ग्लिसरीन भरपूर असलेलं क्रीम टाळा, जेल थोडं जास्त घ्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात उलट. तिथे क्रीम आणि टोकांना थेंबभर तेल, बाहेर पडताना सुती ओढणीऐवजी शक्यतो गुळगुळीत कापड.

*झोपताना.* सुती अभ्रा केसांना घासतो. सॅटिनचा अभ्रा घ्या, नाहीतर जुन्या रेशमी साडीचा शिवून घ्या. केस वर गोळा करून सैल बांधायचे.

*कापणं.* कुरळा केस ओला असताना लांब दिसतो, वाळला की वर चढतो. म्हणून कापायचे तर वाळलेल्या, वळण बसलेल्या केसांवर, थोडे थोडे. ओल्यावर दोन इंच कापलेत तर वाळल्यावर चार इंच गेल्यासारखे दिसतात आणि गिऱ्हाईक रडकुंडीला येतं.

५. रिलॅक्स केलेले, सरळ केलेले केस: काळजी कुठे वेगळी?

सरळ झालेला केस दिसायला चकचकीत असतो, पण आतून त्याची ताकद कमी झालेली असते. गिऱ्हाइकाला वाटतं, “आता काळजी संपली.” खरं तर आता सुरू झाली. हे तिला काम करण्याच्या आधीच सांगा.

- *पहिले दिवस.* किती तास धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, हे त्या कंपनीच्या पत्रकात असतं. तेच कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं घरी पोहोचेपर्यंत विसरतात.
- *फक्त नवीन वाढ.* पुढच्या वेळी क्रीम लावायचं ते फक्त मुळाकडच्या नव्या, कुरळ्या केसांना. आधी सरळ झालेल्या भागावर परत क्रीम गेलं की तिथे दुप्पट रसायन होतं. सरळ भाग आधीच क्रीम किंवा कंडिशनरने झाकून घ्या. हायड्रॉक्साइड रिलॅक्सरसाठी आठ ते बारा आठवड्यांचं अंतर सांगतात. रिबाँडिंगला तर मुळं पुरेशी वाढेपर्यंत, म्हणजे सहा महिने आणि पुढेच थांबलेलं बरं.
- *डोक्याची त्वचा.* आदल्या दिवशी शाम्पू नको, खाजवणं नको, घट्ट वेणी नको. खरचटलेल्या जागी रसायन लागलं की भाजतं. रिलॅक्सर करताना केसांच्या कडेला, कानांवर, मानेवर पेट्रोलियम जेली लावा. “थोडं चुरचुरलं तर चालतं” हा समज चुकीचा. चुरचुरलं की लगेच धुवायचं.
- *इस्त्री.* केस आधीच सरळ आहेत, रोज इस्त्री कशाला? वापरायचीच तर पूर्ण वाळलेल्या केसांवर, आधी उष्णतारोधक सीरम लावून, १८० अंशांच्या आत. ओल्या केसावर इस्त्री फिरवली की आतलं पाणी उकळतं, केसात फुगे तयार होतात आणि केस तिथेच मोडतो.
- *रंग.* रिलॅक्स केलेल्या केसांवर ब्लीच नको. लग्नाच्या गडबडीत एकाच आठवड्यात दोन्ही मागणारी गिऱ्हाईकं येतात. त्यांना ठाम नाही म्हणा.
- *क्षार.* नो-लाय रिलॅक्सरमुळे कॅल्शियम केसावर बसतं, त्यात बोअरचं जड पाणी, म्हणजे दुहेरी थर. क्लॅरिफायिंग शाम्पू इथेही कामाला येतो.
- *घट्ट अंबाडा, घट्ट वेण्या.* कपाळाकडचे केस सगळ्यात नाजूक. रोज तिथे ओढ बसली तर केसांची रेषा मागे सरकते आणि फार काळ गेला तर ते केस परत येत नाहीत.

६. एका डोक्यावर दोन प्रकारचे केस

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक हे. दीड वर्षापूर्वी रिबाँडिंग केलं, मग सोडून दिलं. आता कानापर्यंत कुरळे, खाली सरळ. जिथे दोन्ही मिळतात तो जोड सगळ्यात कमजोर असतो.

तिच्यासमोर तीन वाटा ठेवा. पहिली, नव्या वाढीला तेच रसायन, तेच कुटुंब. आधीचं कुटुंब माहीत असेल आणि चाचणी नीट आली तरच. दुसरी, सगळे सरळ केस एकदाच कापून टाकणं. धाडस लागतं, पण काम एका दिवसात होतं. तिसरी, दर दोन-तीन महिन्यांनी थोडी थोडी टोकं कापत हळूहळू कुरळ्यांकडे परत येणं. बहुतेकींना ही तिसरी वाट सोसते. मधल्या काळात ओल्या केसांना सैल पेड घालून किंवा गुंडाळून सरळ भागाला तात्पुरतं वळण द्यायचं, म्हणजे वरचं आणि खालचं एकसारखं दिसतं. हायड्रोजन बंधाचं शास्त्र इथे कामाला आलं बघा.

एक मात्र स्पष्ट सांगा: सरळ झालेला भाग कुठल्याही तेलाने, मास्कने परत कुरळा होत नाही. असलं आश्वासन देऊन महागडी बाटली विकू नका.

७. वाफ तुमच्याही नाकात जाते

गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं, तुम्ही मात्र रोज त्या खोलीत असता.

काही केराटिन उत्पादनांत फॉर्मॅल्डिहाइड असतं किंवा इस्त्रीच्या उष्णतेने तयार होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. डब्यावर फॉर्मॅलिन किंवा मिथिलीन ग्लायकॉल लिहिलं असेल तरी अर्थ तोच. ‘फॉर्मॅल्डिहाइडमुक्त’ म्हणून येणाऱ्या काही मालात ग्लायॉक्झिलिक आम्ल असतं. असं उत्पादन वापरल्यावर एका तरुणीच्या मूत्रपिंडाला वारंवार इजा झाल्याची नोंद २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली.

अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने २०२२ मध्ये ३३,४९७ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी उत्पादनं वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळलं. यावरून ‘क्रीमनेच झाला’ असं सिद्ध होत नाही, पण वारंवारता कमी ठेवायला हे पुरेसं कारण आहे.

म्हणून: खिडकी उघडी, बाहेर हवा फेकणारा पंखा चालू, हातमोजे घातलेले, आणि घटकांची यादी नसलेला सुटा माल दुकानात आणायचाच नाही. डोळे झोंबायला लागले तर काम थांबवून बाहेर या. मदतनीस मुलीलाही हे सगळं लागू. तिला हातमोजे देणं हा खर्च वाचवायचा मुद्दा नाही.

८. आता धंद्याचं गणित

“मॅडम, नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या पार्लरमध्ये जाईल,” असं तुम्ही म्हणाल. जाईल कदाचित. पण हिशोब मांडून बघू.

समजा, स्मूदनिंगचे ४,००० रुपये घेता. माल १,५०० रुपयांचा, वेळ पाच तास. उरले २,५००, म्हणजे तासाला ५००. आणि हे गिऱ्हाईक वर्षातून एकदाच.

आता समजा, कुरळ्या केसांचं धुणं, कंडिशनिंग आणि वळण बसवणं यांचे ७०० रुपये घेता. माल १२० रुपयांचा, वेळ सव्वा तास. उरले ५८०, म्हणजे तासाला ४६४. तासाची कमाई थोडी कमी, पण हे गिऱ्हाईक वर्षात दहा वेळा आलं तर ५,८०० रुपये. शिवाय केस तुटायची भीती नाही, आणि चांगलं वळण बसलेलं डोकं लग्नकार्यात तुमची जाहिरात करत फिरतं. तुमच्या गावचे भाव टाकून हा हिशोब स्वतः करा.

मॅडम सी. जे. वॉकर हे नाव ऐकलं असेल. जन्म १८६७, लुइझियाना, गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांची मुलगी, कपडे धुऊन पोट भरणारी. स्वतःचे केस गळायला लागले तेव्हा ती या धंद्यात आली. तिने रिलॅक्सर शोधला असं बरेच जण समजतात, ते खरं नाही. तिने विकली ती पद्धत: डोकं स्वच्छ धुणं, त्वचेला मलम, नियमित निगा. १९०८ मध्ये पिट्सबर्गला प्रशिक्षण शाळा काढली, १९१० मध्ये इंडियानापोलिसला व्यवसाय हलवला, आणि हजारो बायकांना हे काम शिकवून कमावतं केलं. बाटली कुणीही विकू शकतो. बाटली कधी वापरायची आणि कधी नाही, हे ज्ञान विकणारीकडे गिऱ्हाईक परत येतं.

नाही म्हणायचं वाक्यही तयार ठेवा. नुसतं “जमणार नाही” म्हणू नका. असं म्हणा: “ताई, चाचणीत तुमचा केस ताणल्यावर तुटला. आज क्रीम लावलं तर डोक्यावरचे तुटतील. तीन महिने आपण निगा करू, परत चाचणी घेऊ, मग ठरवू.” तुटलेली बट तिच्या हातात द्या. ती स्वतः बघेल.

या आठवड्याचा गृहपाठ

१. वरच्या सात प्रश्नांचं कार्ड मराठीत छापून किंवा हाताने लिहून वीस प्रती काढा.
२. दुकानातला प्रत्येक डबा हातात घ्या, घटक वाचा, आणि त्यावर ‘थायो’, ‘हायड्रॉक्साइड’ किंवा ‘केराटिन’ अशी पट्टी चिकटवा. यादी नसलेला डबा बाजूला काढा.
३. घरातल्या किंवा ओळखीतल्या एका कुरळ्या केसांच्या मुलीवर चौथा मुद्दा सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघा. वेळ लावा, किती माल लागला ते लिहा. तुमचा भाव त्यातूनच ठरेल.

पुढच्या धड्यात हाच भाव ठरवून दरपत्रक कसं लिहायचं ते बघू. तोपर्यंत कार्डं भरा, आणि पहिलं कार्ड स्वतःच्या केसांचं भरा. भेटू!